मनाच्या आजारात मिठाची चौकशी कशाला?

उन्हाळा सुरू झाला की बायपोलर आजारासाठी लिथियमची गोळी घेणाऱ्यांच्या घरच्यांना डॉक्टर काही ठरावीक प्रश्न विचारू लागतात. दिवसभरात पाणी किती पोटात जातं? बीपीमुळे मीठ कमी केलंय का? मध्ये जुलाब-उलट्या झाल्या होत्या का? गुडघा दुखतो तेव्हा मेडिकलमधून कुठली गोळी आणता? एकादशी निर्जळी करता की पाणी पिऊन? एवढं झाल्यावर चिठ्ठीवर रक्ताच्या तपासण्या येतात: लिथियमची लेव्हल, क्रिएटिनिन, थायरॉइड, कॅल्शियम.

आजार मनाचा आणि उलटतपासणी मूत्रपिंडाची, हे घरच्यांच्या सहसा पचनी पडत नाही. त्यांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, तो डॉक्टरांसमोर फारसा विचारला जात नाही. तीन वर्षं झाली, माणूस नीट नोकरी करतोय, रात्री झोपतोय, कुणाशी भांडण नाही. मग बरा झाला ना? मग ही गोळी अजून कशाला?

मिठाचा प्रश्न आणि गोळीचा प्रश्न वेगवेगळे वाटतात. लिथियमच्या इतिहासात ते दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. हे औषध काय करतं हे कळायला डॉक्टरांनाच वीसेक वर्षं लागली आणि त्या वीस वर्षांत त्यांची गाडी याच दोन ठिकाणी अडली होती.

मूड बदलणं आणि आजार

सकाळी आनंदी, संध्याकाळी चिडलेला, असं असलं की हल्ली कुणीही स्वतःला बायपोलर म्हणवतं. आजार तसा नसतो. त्यात मन एकदा एका टोकाला गेलं की तिथेच आठवडे, कधी महिने राहतं. वरच्या टोकाला उन्माद म्हणतात, डॉक्टर मॅनिया म्हणतात. तो निदान आठवडाभर टिकतो. माणूस रात्री दोन-तीन तास झोपतो आणि तरी थकत नाही. बोलणं थांबत नाही, एका कल्पनेतून दुसरी निघत राहते, पैसा पाण्यासारखा जातो. कुणी कर्ज काढून प्लॉट घेतो, कुणी साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकतो. पहिले काही दिवस घरच्यांना बरंच वाटतं, किती उत्साहात आहे म्हणून! खालच्या टोकाला नैराश्य असतं. ते निदान दोन आठवडे आणि बहुतेकदा त्याहून बरंच जास्त टिकतं. अनेक रुग्णांच्या आयुष्यातले आजाराचे दिवस मोजले, तर त्यांत उन्मादाचे थोडे आणि नैराश्याचे पुष्कळ निघतात.

म्हणून निदानात घोळ होतो. माणूस दवाखान्यात येतो तो खचलेला असताना. चार वर्षांपूर्वी तो महिनाभर झोपेशिवाय हिंडत होता, हे ना त्याला आजार म्हणून आठवत, ना घरच्यांना. मग साध्या नैराश्याची गोळी सुरू होते. बायपोलर आजारात तेवढी एकच गोळी दिली तर काही जण थेट उन्मादात जातात. म्हणून नैराश्य घेऊन आलेल्या प्रत्येकाला चांगला डॉक्टर आधी उलटं काही कधी झालं होतं का ते विचारतो, आणि हे उत्तर रुग्णापेक्षा त्याची बायको किंवा भाऊ जास्त नीट देतात.

निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. आयुष्यात कधीतरी बायपोलर आजार झालेल्या प्रौढांचं प्रमाण त्यात सुमारे अर्धा टक्का निघालं आणि त्यांतल्या जवळपास सत्तर टक्क्यांना उपचार मिळत नव्हते.

या आजाराची एक खोड पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवायला हवी. दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस बहुधा अगदी ठीक असतो, कधी वर्षभर, कधी पाच वर्षं, आणि तेही औषधाशिवाय. त्यामुळे ‘सध्या ठीक आहे’ एवढ्यावरून आजार गेला, दबला आहे की नुसता थांबला आहे, यातलं काहीच सांगता येत नाही.

फसलेल्या तर्कातून निघालेलं औषध

लिथियम हा धातू स्वीडनमध्ये १८१७ साली सापडला. आज तो आपल्या खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीत असतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातले डॉक्टर संधिवाताच्या एका प्रकारावर त्याचे क्षार देत. पुढे तर तो आरोग्यदायी म्हणून पेयांतही घालू लागले. सेव्हन-अप १९२९ साली बाजारात आलं तेव्हा त्यात लिथियम होतं आणि बाटलीवर तसं छापलेलंही असे.

मनाच्या आजाराशी त्याची पक्की गाठ घालून दिली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि लष्करी डॉक्टर असलेले केड चांगीच्या छावणीत युद्धकैदी झाले. तीन वर्षांहून अधिक काळ त्यांनी तिथे काढला. सोबतच्या कैद्यांचं विचित्र वागणं पाहून त्यांच्या मनाने घेतलं, की याचं मूळ शरीरात असणार. थायरॉइडचा स्राव वाढला तर एक आजार होतो आणि कमी पडला तर दुसरा. तसाच एखादा पदार्थ रक्तात वाढला तर उन्माद आणि घटला तर नैराश्य, असं का नसावं?

युद्धानंतर ते मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या मनोरुग्णालयात रुजू झाले. प्रयोगशाळा नव्हतीच. वापरात नसलेल्या एका कोठीघरात त्यांनी काम मांडलं. रुग्णांच्या लघवीच्या बाटल्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवत. ही लघवी ते गिनिपिगच्या पोटात टोचत आणि कोणाची जास्त विषारी ठरते ते पाहत. शोध घेता घेता त्यांचा संशय युरिक अॅसिडवर गेला, पण ते पाण्यात नीट विरघळेना. त्याचा सहज विरघळणारा क्षार म्हणजे लिथियम युरेट, म्हणून त्यांनी तो वापरला. लिथियम इथे नुसतं विरघळवायच्या सोयीसाठी आलं होतं.

झालं भलतंच. विषबाधा वाढण्याऐवजी कमी झाली. मग त्यांनी युरिक अॅसिड बाजूला ठेवून नुसतं लिथियम कार्बोनेट टोचून पाहिलं. एरवी पाठीवर उलटं केलं की धडपडून सुलट होणारे गिनिपिग दोनेक तासांनी तसेच स्वस्थ पडून राहिले. केडना वाटलं, हे शांत झाले. आज बहुतेक जाणकारांचं मत असं आहे, की त्या बिचाऱ्यांना लिथियमची बाधा झाली होती! म्हणजे मूळ कल्पना चुकीची आणि प्रयोगातून काढलेला अर्थही बहुधा चुकीचा. तरी औषध खरं निघालं. वैज्ञानिक शोध पायरी पायरीने पुढे जातात असं शाळेत शिकलेल्यांना ही हकीकत पचायला जड जाते. मला मात्र ती म्हणूनच आवडते.

केडनी आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं आणि मग रुग्णांना दिलं. पहिला रुग्ण वैद्यकीय साहित्यात डब्ल्यू. बी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. वय ५१, गेली पाच वर्षं सतत उन्मादात. मार्च १९४८ च्या अखेरीस त्याचे उपचार सुरू झाले आणि जुलैत तो घरी जाऊन जुन्या कामावरही लागला. सप्टेंबर १९४९ मध्ये केडनी आपला छोटा निबंध ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उन्मादाच्या दहा रुग्णांत फरक ठळक होता.

पण डब्ल्यू. बी.ची गोष्ट तिथे संपली नाही. बरं वाटायला लागल्यावर त्याने गोळी सोडली आणि काही महिन्यांत पुन्हा रुग्णालयात आला. औषध पुन्हा सुरू झालं, तो पुन्हा सुधारला. १९५० साली तो लिथियमच्या विषबाधेने मेला. केडनी आपल्या रुग्णालयात लिथियम देणं थांबवलं. गोळी सुटली तर आजार उलटतो आणि जास्त झाली तर जीव जातो, या दोन्ही गोष्टी पहिल्याच रुग्णाने दाखवून दिल्या होत्या.

मिठाऐवजी लिथियम

केडचा निबंध आला त्याच १९४९ साली अमेरिकेत वेगळाच गोंधळ उडाला. हृदयविकाराच्या रुग्णांना मीठ बंद असे आणि अळणी जेवण कुणाला जात नाही. लिथियम क्लोराइड चवीला खारट लागतं, म्हणून मिठाला पर्याय म्हणून ते बाजारात आलं. लोकांनी जेवणावर सढळ हाताने भुरभुरलं. विषबाधा झाल्या, काही माणसं दगावली आणि सरकारने ते बाजारातून काढायला लावलं. पुढची वीस वर्षं अमेरिकी डॉक्टर लिथियमच्या वाटेला फारसे गेले नाहीत.

तिथे नेमकं काय चुकलं हे समजलं, की डॉक्टर मीठ का विचारतात तेही समजतं.

लिथियम शरीरात पचत नाही आणि त्याचं दुसऱ्या कशात रूपांतरही होत नाही. पोटात गेलं तसंच रक्तात येतं आणि बाहेर पडायला त्याला जवळजवळ एकच वाट असते, लघवीची. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात ओढून घेतात, कारण त्यात पाणी आणि सोडिअम असतं. सोडिअम म्हणजे आपल्या जेवणातल्या मिठाचा मुख्य भाग. लिथियम आणि सोडिअम एकाच कुळातले. मूत्रपिंडातल्या नळ्यांचा सुरुवातीचा भाग दोघांत फरक करू शकत नाही. सोडिअम ओढताना तो लिथियमही ओढतो, आणि गाळलेल्या लिथियमपैकी सुमारे ८० टक्के अशा रीतीने परत येतं.

लग्नाच्या पंगतीत पानं मांडून झाली आणि माणसं कमी पडली, की यजमान मांडवाबाहेर उभ्या असलेल्या कुणालाही हाताला धरून आत बसवतो. आमंत्रण आहे का, हे तेव्हा कोण विचारतं? शरीरात सोडिअम किंवा पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाचं असंच होतं. सोडिअमसारखं दिसणारं जे मिळेल ते ओढून घेतं, त्यात लिथियम आयतंच आत जातं. गोळी रोजची तेवढीच, पण बाहेर पडणारं लिथियम कमी झालं आणि रक्तातलं वाढत गेलं. अमेरिकेतल्या त्या रुग्णांचं मीठ तोडलं होतं आणि वरून लिथियम दिलं होतं. याहून वाईट जोडी जुळवून आणणं कठीण.

आता उन्हाळ्यातले प्रश्न पुन्हा पाहा. घाम म्हणजे पाणी आणि मीठ दोन्ही जाणं. जुलाब-उलट्या म्हणजेही तेच. निर्जळी उपास, रोजे, वारीतली भर उन्हातली चाल, मेमध्ये शेतात किंवा बांधकामावर काढलेला दिवस, या सगळ्यांत लेव्हल वर जाऊ शकते. बीपी निघाल्यावर कुणाच्या सांगण्यावरून मीठ एकदम तोडलं तरी तेच होतं. उलट मीठ अचानक फार वाढवलं तर लिथियम भराभर बाहेर पडतं आणि औषध अपुरं पडतं. म्हणून डॉक्टरांना मीठ कमीही नको असतं, जास्तही नको असतं. रोजच्या इतकं असावं आणि बदल करायचाच तर आधी सांगावं, इतकंच त्यांचं म्हणणं.

गुडघ्याच्या गोळीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या आपल्याकडे चिठ्ठीशिवायही सहज हाती पडणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचं काम असं बदलतात की लिथियम आत साचतं. साधं पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित. बीपीच्या काही गोळ्यांचंही असंच आहे. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायझाइड यांपैकी काही सुरू होत असेल, तर बीपीच्या डॉक्टरांना लिथियमचं सांगायलाच हवं. आपल्याकडे मनाच्या आजाराचा कागद दुसऱ्या डॉक्टरांपासून लपवून ठेवण्याची पद्धत आहे. लिथियमच्या बाबतीत ती महागात पडते.

इतकं नेमकं मोजायचं कसं?

औषधाची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत बहुतेक औषधांना मोठं अंतर असतं. लिथियमला ते फार कमी आहे. झटके रोखण्यासाठी रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, वयस्कर माणसांत आणखी खाली. १.५ च्या वर गेली की बाधेची लक्षणं दिसू लागतात आणि २ च्या वर प्रकरण गंभीर होतं. म्हणून मोजमापाशिवाय हे औषध देताच येत नाही.

मोजायची रीत मेलबर्नमध्येच रुळली. काही धातू ज्योतीत धरले की आपापला ठरलेला रंग देतात, लिथियमचा गडद किरमिजी. त्या रंगाची तीव्रता मोजणारं यंत्र नुकतंच उपलब्ध झालं होतं. एडवर्ड ट्राउटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रुग्णांच्या रक्तासाठी वापरलं आणि १९५१ मध्ये शंभराहून अधिक रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. केडचं नाव सगळे घेतात, ट्राउटनरचं फारसं कुणी घेत नाही. पण यंत्राने मोजायची सोय नसती तर लिथियम डब्ल्यू. बी.बरोबरच संपलं असतं.

तपासणी करताना घरोघरी एक चूक होते. लेव्हल शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी काढायची असते. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त द्यायचं. सकाळचीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. गोळी घेऊन लगेच लॅबमध्ये गेलं तर आकडा फुगलेला येतो आणि उगाच मात्रा कमी केली जाते. मात्रा बदलल्यावर नवी पातळी स्थिरावायला पाच ते सात दिवस लागतात, तोवर मोजण्यात अर्थ नसतो.

चौकट: लेव्हल वाढल्याची चिन्हं

हात किंचित थरथरणं, तहान लागणं, लघवीला जास्त होणं हे लिथियम घेणाऱ्या अनेकांना नेहमीच होतं. ते डॉक्टरांना पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालतं. पण हात जोरात थडथडणं, चालताना तोल जाणं, जीभ जड होऊन बोलणं अडखळणं, उलट्या-जुलाब, गुंगी किंवा गोंधळलेलं वागणं यांपैकी काही नव्याने दिसलं तर पुढची गोळी न देता लगेच रुग्णालय गाठावं आणि लिथियम चालू आहे हे दारातच सांगावं. वारंवार लघवी होते म्हणून पाणी तोडू नये. त्याने पातळी आणखी वाढते.

जे घडलंच नाही, ते सिद्ध कसं करायचं?

इथवर उन्मादातल्या माणसाला शांत करण्याची गोष्ट झाली. लिथियमचं खरं मोल दुसरीकडे आहे आणि ते डेन्मार्कमध्ये उमगलं.

आरहूसजवळच्या रिस्कोव्ह मनोरुग्णालयातले मोगेन्स शू आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये उन्मादाच्या रुग्णांवर चाचणी केली. काहींना लिथियम, काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या, कुणाला काय हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं. मनोविकारशास्त्रातल्या अशा सर्वांत आधीच्या चाचण्यांपैकी ही एक. लिथियम उन्माद उतरवतं हे तिने दाखवलं.

पुढचा धागा पाउल क्रिस्टियान बास्ट्रप या डॉक्टरच्या हाती लागला. उन्माद उतरल्यावर औषध थांबवायचं अशी तेव्हाची रीत होती. मागोवा घेताना त्यांना आढळलं, की काही रुग्णांनी सांगूनही गोळी थांबवली नव्हती. कारण विचारलं तर म्हणाले, ही चालू असली की झटका येतच नाही. बास्ट्रपनी ही आज्ञाभंगाची तक्रार म्हणून सोडून दिली नाही. त्यांनी आणि शू यांनी मिळून ८८ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, लिथियमपूर्वी किती झटके आणि लिथियमवर किती. फरक प्रचंड होता. १९६७ मध्ये तो छापून आला.

लंडनमधल्या बॅरी ब्लॅकवेल आणि मायकेल शेपर्ड यांनी पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची चिरफाड केली. त्यांचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे, कारण तो आपल्या घरातल्या प्रश्नाचाच भाऊ आहे. तुम्ही निवडलेल्या बायकांना नुकतेच लागोपाठ झटके येऊन गेले होते, असं ते म्हणाले. हा आजार आपोआपही थांबतो. सर्वांत वाईट काळात असलेली माणसं निवडली तर त्यांचा पुढचा काळ औषध न देताही बराच बरा जाईल. मग श्रेय गोळीचं कशावरून?

शू संतापले. त्यांच्या भावाला अनेक वर्षं नैराश्याचे झटके येत होते आणि लिथियम सुरू झाल्यावर ते थांबले होते. हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. टीकाकारांनी नेमकं यावरही बोट ठेवलं होतं, की शू यांना या औषधाचं वेड लागलं आहे. माझ्या मते या वादात टीकाकारांचं उत्तर चुकलं, पण प्रश्न बरोबर होता. झटका आला नाही म्हणजे गोळीने रोखला, हे कुणा एका माणसाकडे पाहून ठरवताच येत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

उत्तर देण्याचा एकच मार्ग होता आणि तो शू यांना नकोसा वाटत होता. बरी असलेली माणसं घ्यायची आणि त्यांतल्या निम्म्यांची गोळी गुपचूप काढून घ्यायची. शेवटी त्यांनी ते केलं, पण नुकसान कमीत कमी होईल अशा बेताने. निदान वर्षभर लिथियमवर असलेले ८४ रुग्ण घेतले. काहींना पुढेही लिथियमच, काहींना हुबेहूब तशीच पोकळ गोळी. निकाल येत जातील तसे मोजायचे आणि फरक पक्का दिसताक्षणी चाचणी थांबवायची. काही महिन्यांतच थांबवावी लागली. पोकळ गोळीवरच्या ३९ पैकी २१ जणांना पुन्हा झटका आला. लिथियमवरच्या ४५ पैकी एकालाही नाही. हा निबंध १९७० मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच छापला गेला. त्याच वर्षी अमेरिकेत लिथियमला उन्मादासाठी मान्यता मिळाली आणि १९७४ मध्ये झटके रोखण्यासाठी.

या निकालालाही नंतर एक पुरवणी जोडावी लागली. लिथियम एकदम बंद केलं तर त्या धक्क्यानेच झटका, विशेषतः उन्मादाचा, लवकर येतो असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. तेव्हा त्या २१ जणांतले काही जण आजारामुळे नव्हे, तर गोळी अचानक तोडल्यामुळे पडले असणार. पण अचानक न तोडता केलेल्या पुढच्या चाचण्यांतही लिथियमची झटके रोखण्याची ताकद टिकली. ३३० रुग्णांवरच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बॅलन्स’ चाचणीत व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या प्रचलित औषधापेक्षा लिथियम असलेले उपचार सरस ठरले.

मेंदूत ते काय करतं?

याचं संपूर्ण उत्तर अजून नाही, पण काही तुकडे हाती आहेत. आपल्या पेशींतली अनेक प्रथिनं काम करायला मॅग्नेशियम वापरतात. लिथियमचा अणू आकाराने मॅग्नेशियमच्या जवळपासचा असल्याने तो त्याच्या जागी घुसतो आणि ते काम मंदावतो. अशा मंदावलेल्या प्रथिनांत जीएसके-३ नावाचं एक आहे. पेशीची वाढ, शरीरातलं घड्याळ, तिची टिकून राहण्याची क्षमता अशा बऱ्याच गोष्टींत ते लुडबुड करतं. दुसरं, पेशीत निरोप पोहोचवणाऱ्या इनॉसिटॉल या पदार्थाचा पुरवठाही लिथियम कमी करतं, त्यामुळे अति चळलेल्या चेतापेशींचा गोंगाट उतरतो असा एक अंदाज आहे.

मला जास्त मजेशीर वाटतो तो दुसरा प्रश्न. लिथियम काहींना अगदी रामबाण लागू पडतं आणि काहींना जेमतेम, असं का? अमेरिकेतल्या साल्क संस्थेने २०१५ मध्ये बायपोलर रुग्णांच्या त्वचेतल्या पेशी घेऊन त्यांना मूळ अवस्थेत नेलं आणि त्यांपासून काचेच्या तबकडीत चेतापेशी वाढवल्या. त्या निरोगी माणसांच्या पेशींपेक्षा जास्त उत्तेजित होत होत्या. त्यांत लिथियम घातलं, तर ज्या रुग्णांना ते प्रत्यक्ष आयुष्यात लागू पडलं होतं त्यांच्याच पेशी शांत झाल्या. बाकीच्यांच्या तशाच राहिल्या. आपल्याकडे बंगळुरूत निम्हान्स आणि त्याच शहरातल्या जीवशास्त्र संस्था मिळून असंच काम करत आहेत. एकाच घरात एकाहून जास्त माणसांना गंभीर मानसिक आजार असलेली कुटुंबं शोधून त्यांच्या रक्तापासून पेशी वाढवायच्या, असा तो प्रकल्प. पण एखाद्या रुग्णाला लिथियम लागू पडेल की नाही हे आधीच सांगणारी तपासणी दवाखान्यात अजून आलेली नाही. तोवर डॉक्टर घरातल्या कुणाला ते लागू पडलं होतं का एवढं विचारतात, आणि हा धागा बऱ्याचदा उपयोगी पडतो.

लिथियम फक्त बायपोलर आजारापुरतं नाही. निव्वळ नैराश्यात दोन औषधं वापरूनही फरक पडत नसेल, तर जोडीला लिथियम देण्याची पद्धत जुनी आहे. आत्महत्येचा धोका ते कमी करतं असंही बरेच अभ्यास सांगतात. अशा ४८ चाचण्या एकत्र करून २०१३ मध्ये काढलेला निष्कर्ष तोच होता. मात्र अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तो फायदा दिसला नाही, आणि तज्ज्ञांत यावर अजून वाद आहे. मनात जीव संपवण्याचे विचार येत असतील तर मात्र या वादाची वाट न पाहता त्याच दिवशी बोलायला हवं. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते.

स्वस्त असण्याचा तोटा

लिथियम निसर्गात सापडणारं मूलद्रव्य. त्याचं पेटंट कुणाला घेता आलं नाही, त्यामुळे कुठल्या कंपनीला त्याची जाहिरात करण्यात रस नाही. गोळी स्वस्त आहे, पण लेव्हल काढायची सोय तालुक्याच्या गावी बहुधा नसते. नमुना शहरात पाठवावा लागतो आणि दोन दिवस जातात. थायरॉइड मंदावणं, वजन वाढणं, वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींच्या मूत्रपिंडांची ताकद घटणं हे त्रासही खरे आहेत. गरोदरपणात बाळाच्या हृदयाला धोका असतो. पूर्वी मानला जात होता त्यापेक्षा तो कमी निघाला, पण शून्य नाही. म्हणून मूल हवं असेल तर ते ठरवण्याआधीच बोलावं लागतं. या कटकटींमुळे अनेक डॉक्टर आता दुसऱ्या औषधांनी सुरुवात करतात. ती सोपी आहेत हे खरं. व्हॅल्प्रोएट मात्र गर्भाला लिथियमहून कितीतरी जास्त घातक आहे, आणि तरीही ते तरुण मुलींना सर्रास दिलं जातं. याचं मला आश्चर्य वाटतं.

मग गोळी कधी थांबवायची?

थांबवता येतच नाही असं नाही. आयुष्यात एकच सौम्य झटका आलेल्या माणसाबाबत डॉक्टर काही वर्षांनी तो विचार करू शकतात. ज्याला अनेक झटके येऊन गेले आहेत, ज्याच्या घरात हा आजार आहे, त्याला बहुधा चालूच ठेवायला सांगतात. पंधरा-वीस वर्षांनी क्रिएटिनिन चढू लागलं तर मनोविकारतज्ज्ञ आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर एकत्र बसून दोन्ही धोके तोलतात. कधी मात्रा कमी करून भागतं, कधी औषध बदलावं लागतं.

थांबवायचंच ठरलं तर मात्रा निदान चार आठवड्यांत, जमल्यास तीन महिन्यांत हळूहळू उतरवायची असते. घरच्यांचं काम त्यानंतर सुरू होतं. पहिले काही महिने बोलण्यापेक्षा झोपेकडे लक्ष ठेवावं. रात्री उशिरापर्यंत जागून सकाळी चारला ताजातवाना उठला, असं सलग तीन-चार दिवस झालं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.